अवांतर गप्पा आणि अडकलेले प्रश्न: ग्रुप सांभाळणाऱ्यांसाठी

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. हौशी आकाशनिरीक्षकांचा ग्रुप, सदस्य सहाशेच्या आसपास, अ‍ॅडमिन तिघे. सुरुवातीला दुर्बिणी, तारकानकाशे, उल्कावर्षाव असं छान चालायचं. आता फॉरवर्ड, ज्योतिषावरून वाद आणि जुन्या मंडळींची आपापसातली टोलेबाजी वाढली आहे. एका नव्या सदस्याने न्यूटोनियन (आरशांच्या) दुर्बिणीच्या कॉलिमेशनबद्दल, म्हणजे तिचे आरसे एका रेषेत नीट जुळवण्याबद्दल, विचारलं, तर तो प्रश्न गप्पांत वाहून गेला. गप्पा रंगवणाऱ्या एका जाणकार सदस्याला तुम्ही सर्वांसमोर समज दिली, तर ते ग्रुप सोडून गेले. आता कडक व्हावं की दुर्लक्ष करावं, आणि ग्रुपचे दोन भाग करावेत का, असं तुम्ही विचारलंय.

अशा ग्रुपांची राखण मी बरीच वर्षं करतो आहे. कडक की सैल या वादात मी आधी शिरत नाही, कारण बहुतेक अ‍ॅडमिन अवांतर मोजत बसतात. आज किती मेसेज विषयाला धरून होते आणि किती नव्हते, हा हिशोब ठेवून फक्त स्वतःची चिडचिड वाढते. मोजायचंच असेल तर उत्तर न मिळालेले प्रश्न मोजा. आठवड्यातून एकदा मागे जाऊन विषयाचे प्रश्न शोधा आणि त्यातल्या किती जणांना दोन दिवसांत कामाचं उत्तर मिळालं ते बघा. जवळपास सगळ्यांना मिळत असेल, तर गप्पा कितीही रंगोत, ग्रुप ठणठणीत आहे. प्रश्न पडून राहायला लागले असतील, तर मात्र काहीतरी करायला हवं. एकही अवांतर मेसेज नाही आणि तरी प्रश्न पडून आहेत, असेही ग्रुप असतात. तिथे नियम सगळे पाळले जातात, फक्त उत्तरं देणारे कधीच निघून गेलेले असतात.

कॉलिमेशनचा प्रश्न वाहून गेला ही तुमची खरी तक्रार आहे. टोलेबाजी हे त्याचं एक कारण, एकमेव नाही. त्या दिवशी ग्रुप शांत असता तरी उत्तर आलं असतं का, हे आधी तपासा.

चर्चा कोणत्या माध्यमावर चालते, यावरही पुष्कळ काही ठरतं. जिथे प्रत्येक विषयाचा वेगळा धागा असतो तिथे अवांतर त्या धाग्याच्या पोटात राहतं. ज्याला नको तो धागा उघडत नाही, संपलं. व्हॉट्सअ‍ॅपसारख्या एकाच प्रवाहात मात्र प्रत्येक मेसेज प्रत्येकाच्या खिशात वाजतो. दोघांची गंमत चालली की उरलेल्या सगळ्यांचे फोन विनाकारण वाजतात आणि त्यातले बरेच जण ग्रुप म्यूट करून टाकतात. म्यूट केलेला माणूस तक्रार करत नाही आणि ग्रुपही सोडत नाही. सदस्यसंख्येत तो तुम्हाला दिसत राहतो, पण ज्या प्रश्नाचं उत्तर त्याला येत होतं तो प्रश्न त्याच्यापर्यंत पोचलेलाच नसतो. अवांतराचं खरं नुकसान हे आहे. शिवाय ते चटकन लक्षात येत नाही.

म्हणून एकाच प्रवाहात असाल तर नियम करण्याआधी जागा करा. टेलिग्रामच्या मोठ्या ग्रुपांत २०२२ पासून टॉपिक्सची, म्हणजे विषयवार कप्प्यांची, सोय आहे. त्याच वर्षी व्हॉट्सअ‍ॅपने कम्युनिटी आणली, म्हणजे एका छत्राखाली अनेक ग्रुप ठेवता येतात. डिस्कॉर्डवर तर चॅनेल आणि धागे दोन्ही आहेत. एक जागा निव्वळ प्रश्नोत्तरांची, एक निरीक्षणांची आणि फोटोंची, आणि एक गप्पांचा कट्टा. तीन पुरेत. उत्साहाच्या भरात दहा-दहा कप्पे पाडणारे अ‍ॅडमिन असतात. मग कोणता प्रश्न कुठे टाकायचा हीच नवी चर्चा सुरू होते आणि दहापैकी सात कप्प्यांत चिटपाखरू फिरकत नाही.

कट्ट्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण बहुतेक ठिकाणी तो उघडतात आणि महिन्याभरात तो ओस पडतो. कारण साधं आहे. अ‍ॅडमिनने तो अडगळीची खोली म्हणून उघडलेला असतो. ‘हे इथे नको, कट्ट्यावर न्या’ हे वाक्य शिक्षेच्या सुरात आलं की कोणी स्वतःहून तिकडे जात नाही. कट्टा चालवायचा असेल तर तुम्ही तिघांनी तिथे जाऊन बसायला हवं, स्वतः फालतू विनोद करायला हवेत आणि मंडळींमधल्या दोन-तीन बोलक्या माणसांना आधी तिकडे न्यायला हवं. माणसं चॅनेलच्या मागे जात नाहीत, माणसांच्या मागे जातात. आणि मुख्य जागेवरची चर्चा भरकटली की नुसतं ‘कट्ट्यावर या’ म्हणू नका. शेवटचा मजेदार मेसेज तुम्हीच तिकडे नेऊन त्याला पहिला प्रतिसाद द्या, आणि इथे फक्त ‘पुढची मैफल तिकडे सुरू झाली आहे’ एवढं लिहा.

आता अवांतराचे प्रकार. सगळ्यांना एकच औषध देऊन चालत नाही.

सगळ्यात जास्त असतं ते ओघातलं विषयांतर. दुर्बिणीवरून कॅमेरा, कॅमेऱ्यावरून बॅटरी, बॅटरीवरून थंडीत बॅटरी लवकर का उतरते, तिथून रात्रभर बाहेर थांबताना काय घालावं. यात कोणाचाही दोष नाही आणि खरं म्हणजे ग्रुपचं बरंचसं ज्ञान अशा ओघातच बाहेर येतं. थंडीत बॅटरीचं काय होतं हे कोणी मुद्दाम विचारलं नसतं. युजनेटच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांच्या, काळातल्या लोकांनी यावर एक साधी युक्ती काढली होती. चर्चा वळली की शीर्षक बदलायचं आणि पुढे जुनं शीर्षक ‘आधीचा विषय’ म्हणून जोडायचं. नव्या विषयाला स्वतःचं नाव मिळायचं आणि जुना प्रश्न मोकळा व्हायचा. आजही हेच करा. वळलेली चर्चा चांगली असेल तर तिला वेगळा धागा काढून द्या आणि मूळ प्रश्न पुन्हा वर आणा. मी साधारण असं लिहितो: ‘बॅटरीची चर्चा छान चालली आहे, तिच्यासाठी वेगळा धागा काढलाय. इथे मूळ प्रश्न अजून बाकी आहे, कॉलिमेशन कोणी नियमित करतं का?’ यात कोणाला गप्प बसवलेलं नाही आणि प्रश्न मात्र पुन्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आला.

फॉरवर्डबद्दल फार विचार करू नका. ज्या मेसेजच्या मागे पाठवणारा स्वतः उभा नाही, तो मेसेज चर्चा नसते. ‘स्वतःच्या दोन ओळी लिहिल्याशिवाय लिंक, चित्र किंवा फॉरवर्ड टाकू नये’ हा एक नियम बहुतेक कचरा थांबवतो. ज्याला खरंच काही म्हणायचं आहे त्याला दोन ओळी जड जात नाहीत. ‘अमुक रात्री मंगळ चंद्राएवढा दिसणार’ हा दरवर्षी उगवणारा फॉरवर्ड मात्र डिलीट करू नका. त्याखाली एकदाच नीट उत्तर लिहा आणि ते पिन करून ठेवा. मंगळ पृथ्वीच्या अगदी जवळ येतो तेव्हाही सुमारे साडेपाच कोटी किलोमीटरवर असतो आणि नुसत्या डोळ्यांना ठिपकाच दिसतो. दर वर्षी हेच उत्तर कामाला येतं.

काडी टाकणारे हा वेगळा प्रकार. त्यांना विषयाशी देणंघेणं नसतं, आग लागलेली बघायची असते. यांच्याबाबत माझं मत कठोर आहे. त्यांच्याशी सर्वांसमोर वाद घालू नये, मेसेज काढावा, एकदा खाजगीत सांगावं, आणि पुन्हा तेच झालं तर बाहेरचा रस्ता दाखवावा. यात लोकशाही आणायची गरज नाही. पण आपल्याशी असहमत असणारा प्रत्येक जण काडी टाकणारा नसतो, आणि थकलेल्या अ‍ॅडमिनला तो तसा दिसू लागतो. खूण अशी की काडी टाकणारा उत्तरं वाचत नाही. असहमत माणूस वाचतो आणि त्यातलं एखादं वाक्य धरून भांडतो. अशा भांडणाऱ्याला सांभाळा.

ज्योतिषाचा वाद तुमच्या ग्रुपसाठी विषयात की विषयाबाहेर, हे तुम्ही अजून ठरवलेलं नाही असं दिसतं, आणि तो दर वेळी पेटतो त्यामागे हेच कारण आहे. सीमारेषा विषयाच्या नावावर आखू नका, प्रश्नाच्या प्रकारावर आखा. ‘शनी सध्या कुठल्या राशीत दिसतो’ हा सरळ निरीक्षणाचा प्रश्न आहे. ‘सूर्य अमुक राशीत असतो म्हणतात, पण आकाशात तर तो शेजारच्या तारकासमूहात दिसतो, असं का’ हा तर उत्तम प्रश्न. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, त्याची एक फेरी सुमारे २६,००० वर्षांत पूर्ण होते आणि त्यामुळे संपातबिंदू (दिवस-रात्र समान असताना सूर्य आकाशात जिथे असतो ती जागा) सरकतो, हे सांगायची याहून चांगली संधी मिळणार नाही. ‘माझ्या पत्रिकेत शनी आहे, काय करू’ हे विषयाबाहेर. आणि ‘ज्योतिष थोतांड आहे, मानणारे मूर्ख’ हेही तितकंच विषयाबाहेर. ही चौथी बाजू विज्ञानवादी अ‍ॅडमिन सहसा विसरतात. एका बाजूचे मेसेज काढायचे आणि दुसऱ्या बाजूचे टोमणे ठेवायचे, हे सदस्यांच्या लगेच लक्षात येतं.

असंच ‘काल रात्री आकाशात दिव्यांची माळ जाताना पाहिली, परग्रहवासी असतील का’ या प्रश्नाचं. तो थट्टेचा विषय वाटतो, पण विचारणाऱ्याने खरोखर आकाशाकडे पाहिलेलं असतं. मे २०१९ मध्ये स्टारलिंकच्या पहिल्या साठ उपग्रहांची माळ आकाशात दिसली, तेव्हापासून अशा प्रश्नांचं उत्तर बहुधा तेच असतं. एकटाच, न हलणारा, झगझगीत दिवा असेल तर बहुतेक वेळा शुक्र. दोन ओळींचं नीट उत्तर दिलं तर हा माणूस पुढच्या महिन्यात दुर्बीण कोणती घ्यावी ते विचारायला येतो. हसलात तर पुन्हा काही विचारत नाही, आणि ते पाहणारे आणखी दहा वाचनमात्र सदस्यही तोंड मिटून बसतात.

नव्या सदस्यांबद्दल दोन गोष्टी. १९९३ पर्यंत युजनेटवर दर सप्टेंबरात विद्यापीठांतले नवे विद्यार्थी यायचे, थोडे दिवस गोंधळ व्हायचा, मग जुन्यांचं पाहून ते रुळायचे. त्या सुमारास व्यावसायिक इंटरनेट सेवांचे ग्राहक लोंढ्याने येऊ लागले आणि रुळायला वेळच मिळेना. त्या काळाला ‘न संपणारा सप्टेंबर’ असं नावच पडलं. नव्यांना रीत कळते ती जुन्यांच्या वागण्यातून, आणि जुन्यांपेक्षा नवे जास्त झाले की ती कोणाकडे पाहून शिकणार? तुमच्याकडे प्रवेशाला मंजुरी लागत असेल तर एखाद्या ग्रहणाच्या किंवा धूमकेतूच्या आधी लोंढा येतो तेव्हा मंजुरी टप्प्याटप्प्याने द्या.

दुसरी गोष्ट नियम कुठे दाखवायचे याची. ऑक्टोबर १९९५ मध्ये निघालेल्या नेटिकेटच्या (इंटरनेटवर वागायच्या रीतीच्या) मार्गदर्शिकेत, म्हणजे आरएफसी १८५५ मध्ये, नव्या माणसाने काही लिहिण्याआधी महिना-दोन महिने नुसतं वाचावं असा सल्ला होता. आज असं सांगितलं तर माणूस दोन मिनिटांत निघून जाईल. त्यापेक्षा रेडिटवरच्या विज्ञानचर्चेत झालेला एक प्रयोग उपयोगी आहे. त्याचा निबंध २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. काही चर्चांच्या माथ्यावर नियम चिकटवले, काहींच्या नाही. जिथे नियम दिसत होते तिथे नव्या लोकांचं नियमपालन सुमारे आठ टक्केबिंदूंनी वाढलं, आणि घाबरून गप्प होण्याऐवजी नवे लोक सरासरी ७० टक्के जास्त संख्येने बोलायला लागले. म्हणजे नियम दाखवल्याने लोक बुजत नाहीत. काय चालतं हे कळलं की उलट बोलायला धजावतात. फक्त नियम जिथे बोलायचं तिथेच दिसले पाहिजेत. ग्रुपच्या माहितीच्या पानावर गाडलेली पंचवीस कलमं कोणी उघडत नाही. पाच-सहा ओळी, साध्या भाषेत, ‘करू नका’पेक्षा ‘असं करा’ जास्त.

हस्तक्षेप कसा करायचा याचं माझं ठोकताळ्याचं सूत्र असं: विषयाबद्दल बोलायचं ते सर्वांसमोर, माणसाबद्दल बोलायचं ते खाजगीत. ‘ही चर्चा कट्ट्यावर नेऊ या’ हे सर्वांसमोर म्हणावं. ‘तुमचे मेसेज फार होताहेत’ हे फक्त त्या माणसाला. चारचौघांत समज दिली की माणूस मुद्दा सोडून अब्रू सांभाळायला लागतो. तुमच्या त्या जाणकार सदस्याचं हेच झालं असणार. त्यांना खाजगीत लिहा. नियम मागे घ्यायची गरज नाही, ‘समज सर्वांसमोर द्यायला नको होती’ एवढं कबूल केलं तरी पुरतं. ते परत येतील की नाही हे सांगता येत नाही, पण बाकीच्या जुन्या मंडळींना हे कळतं आणि त्यांचा ताण उतरतो.

पायऱ्या ठरवून ठेवा. आधी नुसती आठवण, मग खाजगी निरोप, मग काही दिवस लिहायला बंदी, आणि शेवटी हकालपट्टी. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते सामायिक कुरणं, मासेमारी आणि पाटाचं पाणी लोक आपसांत कसं सांभाळतात यावरच्या कामासाठी. टिकून राहिलेल्या व्यवस्थांत त्यांना दिसलेल्या गोष्टींत ही एक होती: पहिल्या चुकीला हलकी शिक्षा आणि पुढे चढती. दुसरी, नियम ज्यांना लागू होतात त्यांना ते बदलायला वाव. ग्रुपवर सहाशे जणांचं लक्ष हीसुद्धा सामायिक मालमत्ताच आहे, त्यामुळे हे इथे सहज लागू पडतं.

मेसेज काढलात तर कारण सांगा, एका ओळीत का होईना. कारण न सांगता गायब झालेला मेसेज माणूस तसाच पुन्हा टाकतो, या वेळी चिडून. ज्या वादात तुम्ही स्वतः एका बाजूने बोलला आहात, त्यातला मेसेज तुम्ही काढू नका. तिघांपैकी दुसऱ्याने काढावा. आणि प्रतिसाद आलेला मेसेज मधूनच काढला की खालचे प्रतिसाद लोंबकळत राहतात, वाचणाऱ्याला काही कळत नाही. अशा वेळी धागा कुलूपबंद करणं बरं. वाद फारच तापला असेल तर स्लो मोड लावा. टेलिग्रामवर दोन मेसेजमधलं अंतर तासाभरापर्यंत वाढवता येतं. तासाला एकच मेसेज टाकता येणार म्हटलं की माणूस तो जरा विचार करून लिहितो.

जुन्या बोलक्या मंडळींबद्दल. ऑनलाइन समुदायांत साधारण ९० टक्के लोक फक्त वाचतात, ९ टक्के अधूनमधून लिहितात आणि बहुतेक लिखाण उरलेल्या एका टक्क्याचं असतं, हा ढोबळ ठोकताळा वेबसाइटच्या वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब निल्सन यांनी २००६ मध्ये मांडला. तुमच्या सहाशेत ही माणसं सहा-सात निघतील. अडचण अशी की अवांतर सर्वात जास्त करणारे तेच आणि उत्तरं सर्वात जास्त देणारेही तेच. त्यांच्या गप्पा पूर्ण छाटल्या तर उत्तरंही आटतात, कारण गप्पा हाच त्यांचा ग्रुपवर यायचा मोबदला असतो. त्यांना काम द्या. एकाने दर आठवड्याला अनुत्तरित प्रश्नांची यादी काढायची, एकाने नव्यांच्या नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं जमवायची. जबाबदारी आली की माणूस आपोआप इतरांच्या अवांतराकडे डोळे वटारायला लागतो, ही यातली गंमत.

एक अवांतर मात्र बाकी सगळ्यांपेक्षा जास्त वेळ खातं, आणि ते म्हणजे ग्रुप कसा चालवावा यावरची ग्रुपवरची चर्चा. ‘अ‍ॅडमिन पक्षपाती आहेत’ या एका वाक्यावर दोनशे प्रतिसाद पडतात. प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांची साइट स्टॅक ओव्हरफ्लो हिने २००९ मध्येच यासाठी ‘मेटा’ नावाची स्वतंत्र जागा काढली, ते शहाणपणाचं होतं. तुम्हीही नियमांवरच्या तक्रारींसाठी वेगळी जागा ठेवा आणि तिथे नक्की उत्तर द्या, नाहीतर ती तक्रार मुख्य जागेवर परत येते. मात्र त्याच साइटकडून कडकपणाची किंमतही समजून घ्या. विषयाबाहेरचे आणि आधी विचारलेले प्रश्न पटापट बंद करण्याच्या शिस्तीमुळे तिथे उत्तरांचा मोठा साठा उभा राहिला. पण २०१८ मध्ये त्या कंपनीनेच जाहीरपणे मान्य केलं की नव्या लोकांना आपली जागा आपुलकीची वाटत नाही. पुढे कामाला येणारा संदर्भसाठा करायचा असेल तर ती शिस्त योग्य. तुमचा ग्रुप हौशी लोकांचा आहे, तिथे ती अर्धीच आणा.

राहिला ग्रुप फोडण्याचा प्रश्न. भांडणाच्या भरात फोडू नका, कारण मग तो गप्पांचा आणि विषयाचा असा न फुटता तुमच्या बाजूचे आणि त्यांच्या बाजूचे असा फुटतो. आधी वर सांगितलेल्या तीन जागा करून बघा. दोन-तीन महिन्यांनंतरही प्रश्नोत्तरांच्या जागेत प्रश्न पडून राहत असतील आणि एखादा उपविषय, समजा आकाशछायाचित्रण, बाकी सगळं झाकून टाकत असेल, तर तेवढाच वेगळा काढा. त्याला त्या विषयातलाच अ‍ॅडमिन द्या, आणि कोणाला हलवू नका, ज्यांना हवं ते स्वतः जातील. निव्वळ गप्पा मारणाऱ्यांना वेगळ्या ग्रुपमध्ये धाडायचा विचार असेल तर तो सोडून द्या. ते तिकडे गेले की तुमच्याकडची उत्तरंही त्यांच्याबरोबर जातील.